उगवतीची खिडकी, मावळतीची खिडकी

ही गोष्ट त्या काळातली, जेव्हा काड्यापेटी कुणी पाहिली नव्हती आणि विस्तव घरातल्या माणसासारखा सांभाळावा लागे. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

एका राज्याच्या राजधानीत एक फार जुनी आळी होती. ती इतकी वळणावळणाची होती की तिला सगळे वाकडी आळी म्हणत. कमानीतून आत शिरलं की आळी उजवीकडे वळे, मग पुन्हा उजवीकडे, मग आणखी उजवीकडे, आणि शेवटी एका भिंतीपाशी संपे. दोन्ही बाजूंना जुनी सागवानी घरं होती. त्यांच्या खांबांवर पोपट कोरलेले, चौकटींवर वेली कोरलेल्या. परगावची माणसं मुद्दाम ती घरं बघायला येत.

एकदा डोंगराकडच्या एका गावातून एक फणीवाला आपल्या बायकोला घेऊन या आळीत आला. तो शिसवी लाकडाच्या फण्या करी. हात बारीक कामाचा, स्वभाव मात्र बुजरा. चार माणसांत बोलायची वेळ आली की तो आधी मनात वाक्य तयार करी, आणि वाक्य तयार होईपर्यंत माणसं निघून जात.

कमानीला लागूनच आळीतलं पहिलं घर विकायचं होतं. घर राजवाड्यातल्या म्हाताऱ्या नगारच्याचं होतं. तो आता दूरच्या गावी मुलाकडे राहायला चालला होता.

नगारच्याने घर फार प्रेमाने दाखवलं.

"हा खांब बघा. याला हात लावा. उन्हाळ्यातसुद्धा गार लागतो," तो म्हणाला. "हा कोनाडा बघा. यात दिवा ठेवला की उजेड थेट जिन्यावर पडतो. या कड्या झोपाळ्याच्या. माझ्या आजोबांनी बसवल्या. आणि हे दार लावताना थोडं वर उचलायचं, म्हणजे कुरकुरत नाही."

फणीवाल्याला सकाळचा उजेड आवडला. त्याच्या बायकोला खांबावरचा पोपट आवडला. एका पोपटाची चोच मोडली होती, आणि का कोण जाणे, तिला तोच जास्त आवडला.

ती म्हणाली, "अहो, हेच घ्या. आपलं बाळ इथेच होऊ दे."

तिला दिवस गेले होते. फणीवाल्याने गावचं शेत आणि गावचं घर विकलं आणि हे घर घेतलं. आता मागे जायला काही उरलं नव्हतं. जे काही व्हायचं ते याच घरात व्हायचं होतं.

जाताना नगारच्याने उंबऱ्याला हात लावला, डोळे पुसले आणि तो निघून गेला. त्याने घरातल्या सगळ्या सुंदर गोष्टी सांगितल्या. स्वयंपाकघरातल्या दोन खिडक्यांबद्दल मात्र तो काही बोलला नाही. जे आपण रोज करतो ते सांगायचं असतं, हे कुणाच्याच लक्षात राहत नाही.

त्या खिडक्या अगदी लहान होत्या. एक हात जेमतेम आत जाईल एवढ्या. एक उगवतीकडच्या भिंतीत, एक मावळतीकडच्या. दोन्हींचे दगड धुराने काळे झालेले.

पहिल्याच दिवशी पहाटे उगवतीच्या खिडकीतून एक हात आत आला. हातात खापर, आणि खापरात लालबुंद निखारे.

फणीवाल्याची बायको दचकली. पलीकडून एका बाईचा आवाज आला, "घे गं पोरी, भाजेल मला. नवीन आलीस ना? मी कासारीण. बांगड्या भरते. विस्तव घे आणि चूल पेटव."

बायकोने निखारे घेतले. तिला फार बरं वाटलं. परक्या शहरात पहिल्याच पहाटे कुणी विस्तव दिला होता.

थोड्या वेळाने मावळतीच्या खिडकीत टक् टक् झालं. तिकडूनही एक हात आला. काळाकुट्ट, जाडजूड हात. त्यातही खापर होतं, पण रिकामं. हात काही बोलला नाही. त्याने खापर दगडावर पुन्हा दोनदा आपटलं. टक् टक्.

"काय हवं?" फणीवाल्याने विचारलं.

"काय म्हणजे? विस्तव," पलीकडून घोगरा आवाज आला.

फणीवाल्याने दोन निखारे त्या खापरात टाकले. हात मागे गेला.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही तेच. उगवतीचा हात देई, मावळतीचा हात मागे.

आता, मावळतीच्या भिंतीपलीकडे कोण राहतं याचा फणीवाल्याने शोध घेतला. आळी इतकी वळत गेली होती की तिचं शेपूट बरोबर त्याच्या घराच्या पाठीला येऊन टेकलं होतं. भिंत एकच, पण त्या घराच्या दाराशी जायचं तर सगळी आळी चालून जावी लागे. तो चालत गेला, आणि दार पाहून चकितच झाला.

ते भडभुंज्याचं घर होतं. दारात मोठी भट्टी धडधडत होती. कढईत वाळू तापली होती आणि चणे तडतडत होते. आळीत एवढा विस्तव दुसऱ्या कुणाकडेच नव्हता.

फणीवाला उभाच राहिला. ज्याच्या दारात भट्टी, तो माझ्याकडे दोन निखारे का मागतो?

त्याने मनात वाक्य तयार केलं. पण भडभुंज्याने त्याला आधी पाहिलं. भडभुंजा आडदांड माणूस होता आणि त्याच्या डोक्यावर एकही केस नव्हता.

"या या, फणीवाले!" तो मोठ्याने म्हणाला. "बरे आलात. माझ्यासाठी एक फणी करा. दात नकोत. नुसती पाठ चालेल!"

चणे घ्यायला आलेली माणसं खो खो हसली. भडभुंजाही हसला. ही आपली थट्टा आहे की त्याने स्वतःचीच थट्टा केली, हे फणीवाल्याला कळेना. त्याचे कान लाल झाले. तयार केलेलं वाक्य मनातच राहिलं आणि तो घरी परत आला. पुन्हा काही तो त्या टोकाला गेला नाही.

पण कोडं सुटत नव्हतं. म्हणून त्याने इतरांना विचारायला सुरुवात केली.

आधी त्याने कासारमावशीला विचारलं. ती एकटीच राहत होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्या घरात दोऱ्यांवर बांगड्यांच्या माळा टांगलेल्या असत आणि वारा आला की सगळं घर किणकिणे.

"मावशी, ही खिडकी कशासाठी आहे?"

"विस्तव द्यायला," ती म्हणाली.

"पण का द्यायचा?"

"का म्हणजे? माझ्या सासूबाई नगारच्याच्या आईला द्यायच्या. मी नगारच्याच्या बायकोला देत होते. आता तुझ्या बायकोला देते. तुला नको आहे का?"

"नको कसा? हवा आहे."

"मग घे आणि गप्प बस," ती म्हणाली आणि हसली.

मग त्याने समोरच्या शिंप्याला विचारलं. शिंपी सुई दातात धरून म्हणाला, "ती खिडकी ना? ती मांजरासाठी. उंदीर फार होते पूर्वी. मांजराला घराघरांतून हिंडता यायला हवं."

"पण खिडक्या धुराने काळ्या आहेत."

शिंप्याने थोडा विचार केला. "काळं मांजर असेल," तो म्हणाला.

मग त्याने देवळातल्या गुरवाला विचारलं. गुरवाने डोळे मिटले. "घराला दोन डोळे असतात, बाळा. एक उगवतीला, एक मावळतीला. त्यातून घर बघतं."

"काय बघतं?"

"ते घरालाच ठाऊक," गुरव म्हणाला.

फणीवाला घरी आला आणि कपाळाला हात लावून बसला. बायकोने विचारलं, "कळलं का?"

"तिघांना विचारलं. आता तिप्पट कळेनासं झालंय," तो म्हणाला.

एवढं करूनही ज्याचा हात रोज खिडकीतून येत होता, त्याला मात्र त्याने विचारलं नाही.

दिवस गेले. उन्हाळा संपला. फणीवाल्याने स्वयंपाकघराच्या मावळतीच्या भिंतीशीच आपलं काम मांडलं होतं, कारण सकाळचा उजेड बरोबर तिथे पडे. फण्यांचे दात कापताना बारीक भुसा पडे आणि ढलप्यांचा ढीग साचे.

एका सकाळी खापर टकटकलं. फणीवाल्याने निखारे टाकले. एक निखारा काठावरून घरंगळला आणि भुशात पडला. भुसा भप्पकन पेटला. बायकोने घागर उपडी केली म्हणून बरं, नाहीतर खांबावरचे पोपट जळून गेले असते. कित्येक दिवस घासून ठेवलेल्या फण्या मात्र भिजून वाकल्या.

फणीवाल्याने भिजलेला भुसा बाहेर लोटला. त्याची बायको आठव्या महिन्यात होती. थोडा जरी उशीर झाला असता तर?

"पुरे झालं," तो म्हणाला. "ही खिडकी बुजवतो."

"अहो, थांबा," बायको म्हणाली. "आधी भडभुंज्याला विचारा तरी."

"काय विचारू? पुन्हा सगळ्यांसमोर हसेल. ज्याच्या घरी भट्टी आहे त्याला माझे दोन निखारे कशाला हवेत? नवा माणूस दिसला म्हणून खेळ चाललाय त्याचा."

"मग दोन्ही खिडक्या बुजवा."

"उगवतीची का? ती तर देते."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण ते काय, हे तिलाही नीट कळलं नाही. त्याच दुपारी फणीवाल्याने विटा आणल्या, चुना कालवला आणि मावळतीची खिडकी बुजवून टाकली.

दुसऱ्या दिवशी टक् टक् झालं नाही. थोड्या वेळाने दारात भडभुंजा येऊन उभा राहिला. सगळी आळी चालून आल्यामुळे त्याला धाप लागली होती.

"खिडकी बुजवली?" त्याने विचारलं. आज तो हसत नव्हता.

"हो," फणीवाला खाली बघत म्हणाला. "आग लागणार होती. आणि तुमच्याकडे तर भट्टी आहे."

भडभुंज्याने घाम पुसला. मग म्हणाला, "नगारच्याने काही सांगितलं नाही का?"

"सांगितलं ना. सगळं घर दाखवलं," फणीवाला म्हणाला.

भडभुंज्याला वाटलं, याला सगळं सांगितलेलं आहे आणि तरीही याने खिडकी बुजवली. फणीवाल्याला वाटलं, हा खांबाकोनाड्यांबद्दल विचारतोय. दोघेही खरं बोलत होते आणि दोघांनाही एकमेकांचं काही कळलं नव्हतं.

"बरं. घर तुमचं, मर्जी तुमची," भडभुंजा म्हणाला. "तुमच्यापर्यंत तर येतोय ना विस्तव? मग तुम्हाला कळेलच." एवढं बोलून तो निघून गेला.

काय कळेल? फणीवाला विचार करत राहिला. मग त्याने तो विचार सोडून दिला, कारण नव्या फण्या करायच्या होत्या.

त्यानंतर कासारमावशी त्याला दोनदा म्हणाली, "अरे, ती खिडकी मोकळी कर बाबा. बुजवलेली बरी दिसत नाही." का बरी दिसत नाही, ते तिलाही सांगता येईना. दुसऱ्यांदा ती थोडी रागावूनच म्हणाली, "शहरात घर घेतलं म्हणजे शहर विकत घेतलं नाहीस तू!"

बायकोवर मात्र तिचा फार जीव होता. "घाबरू नकोस पोरी," ती खिडकीतून म्हणे. "तुझं बाळंतपण मी करणार. या आळीतली निम्मी पोरं माझ्या हातावर झाली आहेत. वेळ आली की भिंतीवर नुसती थाप मार."

श्रावण आला. पंचमी जवळ आली. भडभुंज्याच्या भट्टीवर दिवसभर लाह्या फुटू लागल्या. त्याला मान वर करायला वेळ मिळेना.

अशाच एका पहाटे उगवतीच्या खिडकीतून हात आला नाही.

बायको वाट बघत बसली. उजाडलं. ती म्हणाली, "अहो, मावशींचा विस्तव आला नाही."

"रागावली असेल," फणीवाला म्हणाला. "परवा ओरडली नव्हती का माझ्यावर?"

"मावशी माझ्यावर कशाला रागावतील?"

"मग विसरली असेल." त्याने चकमक घेतली, ठिणगी पाडली, फुंकून फुंकून चूल पेटवली आणि फण्यांची पाटी घेऊन तो बाजारात गेला.

दुपारी परत आला तेव्हा बायको भिंतीला टेकून बसली होती. तिचं कपाळ घामाने भिजलं होतं.

"मघाशी कळा सुरू झाल्या," ती म्हणाली. "भिंतीवर किती थापा मारल्या, मावशी येत नाहीत. जा, बोलावून आणा."

फणीवाला धावत शेजारच्या दाराशी गेला. दार आतून बंद होतं. त्याने कडी वाजवली. "मावशी! ओ मावशी! वेळ आलीय!"

उत्तर आलं नाही.

"मावशी, राग मानू नका. खिडकी उद्याच मोकळी करतो. आज तेवढ्या या."

तरीही उत्तर नाही. तो त्या कोरीव दारासमोर उभा राहिला. त्याला काहीच सुचेना. एवढा राग? एखादी बाई एवढी रागावते? की ती घरात नाहीच? मग दार आतून बंद कसं? बायकोजवळ थांबावं की दुसरी सुईण शोधावी? आणि या शहरात ती शोधायची तरी कुठे?

एवढ्यात घरातून बायकोची हाक आली. तो आत धावला. ती कशीबशी सरकत उगवतीच्या खिडकीपाशी गेली होती आणि तिने खिडकीला कान लावला होता.

"ऐका," ती म्हणाली.

फणीवाल्याने कान लावला. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग अगदी हलकं किणकिणलं. बांगड्या वाजत होत्या. वाऱ्याने वाजतात तशा नाही. थांबून थांबून. किण किण. मग गप्प. मग पुन्हा किण किण.

"मावशी पडल्यात," बायको म्हणाली. "कुठेतरी खाली पडल्यात आणि हातात आलेली माळ हलवताहेत. अहो, कधीपासून हलवत असतील?"

कासारिणीचं दार सागवानी, आत अडसर. फणीवाल्याच्या बारीक हातांनी ते फुटणारं नव्हतं. कुणालातरी बोलवायला हवं होतं, आणि बायकोला सोडून जाताही येत नव्हतं.

त्याची नजर मावळतीच्या भिंतीकडे गेली. चुन्याचा पांढरा चौकोन तिथे तसाच होता.

त्याने मोगरी उचलली आणि त्या चौकोनावर घातली. त्याने स्वतःच लिंपलेला चुना उडाला. विटा पलीकडे कोसळल्या. चार माणसांत कधी तोंड न उघडणाऱ्या त्या माणसाने खिडकीत तोंड घालून हाक मारली, "दादा! भडभुंजेदादा! धावा! मावशी पडल्यात!"

आणि या वेळी त्याने मनात वाक्य तयार केलं नव्हतं.

भडभुंज्याने कढई तशीच सोडली. भट्टीची लोखंडी सळई खांद्यावर टाकली आणि तो आळीतून धावत सुटला. वाटेत प्रत्येक दारावर तो थाप मारत गेला. शिंपी आला, गुरव आला, भडभुंज्याची बायको आली. कमानीपाशी पोचेपर्यंत सगळी आळी त्याच्या मागे होती.

सळईने अडसर निघाला. कासारीण चुलीपाशी उजव्या अंगावर पडलेली होती. तिच्या शेजारी खापर उलटलं होतं आणि त्यातले निखारे केव्हाच विझून राख झाले होते. तिचं तोंड वाकडं झालं होतं. डाव्या हातात बांगड्यांची माळ होती.

भडभुंजा त्या राखेकडे बघत राहिला. मग त्याने फणीवाल्याकडे पाहिलं.

"सकाळी तुला विस्तव आला नव्हता?"

"नाही," फणीवाला म्हणाला.

"आला नव्हता, आणि तू गप्प बसलास?"

"मला वाटलं, मावशी रागावल्या."

"अरे, मग ती खिडकी कशासाठी आहे असं वाटलं तुला?"

"मला माहीत नव्हतं," फणीवाला रडत म्हणाला. "मी सगळ्यांना विचारलं. कुणी म्हणालं मांजरासाठी, कुणी म्हणालं घराचा डोळा. मला खरंच माहीत नव्हतं, दादा."

भडभुंजा मटकन खाली बसला.

"पहाटे मी भट्टीतला विस्तव शेजारच्या घरात देतो," तो हळूहळू म्हणाला. "ते पुढच्या घरात देतात. ते त्याच्या पुढच्या. असा तो सगळी आळी फिरतो. कासारिणीकडे येतो, तिच्याकडून तुझ्याकडे, आणि तुझ्याकडून परत माझ्याकडे. मला काय विस्तवाची वाण आहे? पण तो परत आला की मला कळतं, रात्रीत कुणाला काही झालं नाही. परत आला नाही, की मी शोधायला निघतो. माझ्या बापाने असं दोघांना वाचवलं होतं. तुझं घर आळीतलं पहिलं, पण विस्तवाच्या वाटेवर शेवटचं. तू खिडकी बुजवलीस तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस स्वतःच लक्ष ठेवील. विस्तव थांबला तर सांगायला येईल."

"हे मला आजच कळतंय," शिंपी म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. गुरवही मान खाली घालून उभा होता. आळीत रोज सगळे विस्तव देत होते, घेत होते. का, ते फक्त एकाला माहीत होतं, आणि त्याला वाटत होतं की ते सगळ्यांनाच माहीत आहे.

बोलायला आणखी वेळ नव्हता. भिंतीपलीकडून बायकोची किंकाळी ऐकू आली.

कासारिणीने ती ऐकली. तिचे डोळे मोठे झाले. तिने डाव्या हाताने खुणा केल्या आणि बोबड्या आवाजात म्हणाली, "इकडे... आणा तिला. इकडे."

मग बायकांनी फणीवाल्याच्या बायकोला उचलून तिथेच आणलं. सगळे पुरुष बाहेर गेले. आत कासारीण पडल्या पडल्या एकेक शब्द सांगत होती आणि भडभुंज्याची बायको तसं करत होती. विस्तव भडभुंज्याच्या भट्टीतून आला, पाणी तापलं, आणि दिवे लागायच्या वेळी बांगड्या टांगलेल्या त्या घरात एक मुलगी जन्माला आली.

बाळ सुखरूप होतं. आई सुखरूप होती.

वैद्य आला. त्याने कासारिणीचा उजवा हात उचलून पाहिला. हात सोडला की तो खाली पडत होता.

"पहाटेच कळलं असतं तर हा हात कदाचित वाचला असता," वैद्य म्हणाला.

फणीवाल्याने ते ऐकलं. ते शब्द तो पुढे जन्मभर विसरला नाही.

कासारीण जगली, पण पुन्हा तिला कुणाच्या हातात बांगड्या भरता आल्या नाहीत. ज्या हातावर निम्मी आळी जन्मली होती, तो हात मांडीवर नुसता पडून राही.

चूक कुणाची, यावर आळीत पुष्कळ दिवस बोलणं चाललं. फणीवाला म्हणे, माझी. भडभुंजा म्हणे, माझी; मी तोंडाने सांगायला हवं होतं. शिंपी म्हणे, नगारच्याची. घर विकताना त्याने सांगायला हवं होतं. कासारीण म्हणे, "माझीच. सासूबाईंना मी कधी विचारलंच नाही." ऐकणारा प्रत्येक जण गोंधळून घरी जाई. एकाचीच चूक म्हणून बोट दाखवावं, तर बोट कुठे दाखवायचं ते कळत नसे.

पण फणीवाल्याने उत्तराची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने खिडकीतला उरलासुरला चुना खरवडून काढला, दगड धुतला, आणि आपलं काम तिथून उचलून माडीवर नेलं. तिथे उजेड कमी होता. कामाला वेळ जास्त लागे. त्याची त्याने तक्रार केली नाही.

रोज पहाटे तो स्वतः कासारिणीच्या घरी जाई, तिच्या खिडकीत आलेल्या विस्तवाने तिची चूल पेटवी आणि तिच्या डाव्या हातात खापर देई. मग घरी येऊन उगवतीच्या खिडकीपाशी उभा राही. कासारिणीचा थरथरता हात खिडकीतून येई. "मी इथूनच विस्तव नेला तर?" असं त्याने एकदा विचारलं होतं. ती म्हणाली होती, "नाही. माझ्या घरचा विस्तव मीच देणार."

मग तो मावळतीच्या खिडकीपाशी जाई. टक् टक् होई. तो निखारे टाकी आणि म्हणे, "आले, दादा."

पलीकडून आवाज येई, "बरं झालं. माझी फणी कुठे आहे?"

एक दिवस फणीवाल्याने खरोखरच शिसवी लाकडाची एक सुंदर फणी केली, दात नसलेली, नुसती पाठ, आणि खापरात ठेवून दिली. हात खापर घेऊन मागे गेला. मग एवढ्या मोठ्याने हसू आलं की झोपलेलं बाळ जागं झालं.

पुढे पुष्कळ वर्षांनी शिंप्याचं घर विकलं गेलं. नवीन माणसं सामान घेऊन आली. खांबावरची नक्षी बघत ती दारातच उभी होती. इतक्यात समोरून एक पांढऱ्या केसांचा, बारीक हातांचा माणूस आला. तो कुणाशी फारसा बोलत नसे असं त्यांनी ऐकलं होतं.

"खांब नंतर बघा," तो म्हणाला. "आधी स्वयंपाकघरात चला. तुम्हाला दोन खिडक्या दाखवतो."

बोध: आपल्याला न कळलेली गोष्ट मोडण्याआधी विचारावी, आणि आपल्याला कळलेली गोष्ट कुणी विचारण्याआधी सांगावी.